आधी जाहिरात वाचा, मग प्रॉस्पेक्टस

बारावीचा निकाल लागला की गोव्यात घरोघरी एकच प्रश्न फिरतो: “स्कोप कशाला आहे?” शेजारचे काका कंप्युटर म्हणतात, मावशी फार्मसी म्हणते, शिकवणीचे सर म्हणतात आवडेल ते कर. सगळे मनापासून सांगतात, पण प्रश्नच अर्धवट असल्यामुळे उत्तरंही अर्धवट येतात. स्कोप नुसत्या पदवीला नसतो. ती पदवी घेऊन कुठे राहायचं आणि पहिली नोकरी कोणत्या पदावर धरायची, हे ठरल्याशिवाय स्कोप आहे की नाही ते सांगताच येत नाही.

म्हणून क्रम उलटा लावा. पंचविसाव्या वर्षी गोव्यातच राहायचं की पुणे, बेंगळुरू, आखात किंवा जहाज चालेल, हे आधी घरात मोकळेपणाने बोला. आपल्याकडे हा प्रश्न पदवी हातात पडल्यावर निघतो. मग “मुलगी एवढ्या लांब कशी पाठवायची” म्हणून बी.ई. कंप्युटर झालेली मुलगी पर्वरीत कुठेतरी डेटा एंट्री करत बसते. यात पदवीचा दोष काही नाही.

गोव्यात राहायचं असेल तर इथला बाजार किती अरुंद आहे ते ओळखून पदवी घ्यावी. २०११ च्या जनगणनेत आपण होतो १४ लाख ५८ हजार. नोकऱ्या देणारे कोण, तर सरकार, वेर्ण्यापासून कुंडई-पिसुर्ल्यापर्यंतचे औषध कारखाने, हॉटेलं, वास्कोचं गोवा शिपयार्ड आणि मुरगाव बंदर, बांबोळीचं इस्पितळ आणि खासगी इस्पितळं, शाळा-कॉलेजं, बँका, बांधकाम. शिवाय दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, पण तिथे जागा मोजक्या आणि बहुतेक एम.एस्सी.च्या पुढच्या. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ यात जमा झाला.

इतक्या छोट्या बाजारात एकाच धंद्याच्या भरवशावर शिक्षण घेतलं तर काय होतं, ते डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे तालुक्यांनी पाहिलंय. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. ज्यांच्याकडे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सर्व्हे असं कुठेही चालणारं शिक्षण होतं ते दुसरीकडे वळले. ज्यांना फक्त खाणीवरचंच काम येत होतं ते अडकले. त्यामुळे गोव्यातच राहायचं असेल तर किमान दोन धंद्यांत खपेल अशी पदवी बघावी. रसायनशास्त्राला औषध कारखाना घेतो, अन्नपदार्थांची आणि पाण्याची प्रयोगशाळाही घेते. मेकॅनिकलवाला शिपयार्डात चालतो, फार्मा प्लांटच्या मेंटेनन्सला चालतो, मोठ्या हॉटेलच्या इंजिनिअरिंग विभागातही चालतो. ‘हॉटेलसाठीच’ किंवा ‘विमानतळासाठीच’ म्हणून विकला जाणारा कोर्स घेताना मात्र चार वेळा विचार करावा.

जाहिरात कशी वाचायची

कोणत्याही पदवीचं प्रॉस्पेक्टस उघडण्याआधी ज्या नोकऱ्या आपल्याला चालतील त्यांच्या पंधरा-वीस जाहिराती गोळा करा. गोवा लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, कंपन्यांची करिअरची पानं आणि आपली मराठी दैनिकं एवढ्यातून त्या सहज मिळतात. वहीत चार रकाने आखा: पदाचं नाव, आवश्यक पात्रता, अनुभव, इतर अटी. पगार शेवटी लिहिला तरी चालेल.

‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ हे दोन शब्द वेगळे काढा. आवश्यक पात्रतेत जे नाही ते तुमच्याकडे असून छाननीत उपयोग नाही, आणि त्यात जे आहे ते नसलं तर अर्ज छाननीतच बाद होतो. राज्य सरकारी पदांच्या जाहिरातींत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट, अशी ओळ असते. सोबत १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. मराठी माध्यमातून आलेल्या पेडणे-सत्तरीच्या मुलांना कोकणीची अडचण बोलण्यात येत नाही, लिहिण्यात येते. पदवीच्या भाषाविषयात कोकणीचा एक कोर्स घेतला तर पुढे परीक्षेच्या तोंडावर धावपळ होत नाही.

शिक्षकाच्या जाहिरातीत बघा: माध्यमिकला त्या विषयाची पदवी आणि बी.एड., उच्च माध्यमिकला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड., कॉलेजला पदव्युत्तरला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा). यातलं ‘त्या विषयाची’ नीट वाचा. पदवीला मुख्य विषय एक आणि शिकवायचा विषय दुसरा असला की मुलाखतीपर्यंतही मजल जात नाही. एम.एस्सी.ला ५४ टक्के पडलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला नेट देता येत नाही, हे बऱ्याच जणांना नेटचा अर्ज भरताना कळतं. राखीव प्रवर्गाला पाच टक्क्यांची सूट आहे.

आता औषध कारखाना बघू, कारण गोव्यात विज्ञानाच्या मुलांना सर्वांत जास्त दारं तिथेच उघडतात. बी.फार्म. की बी.एस्सी. केमिस्ट्री, हा नेहमीचा वाद. उत्पादन विभागात औषध बनवण्यावर देखरेख करणारा माणूस कोण असावा हे कंपनी आपल्या मर्जीने ठरवत नाही, ते १९४५ च्या औषध नियमांत लिहिलेलं आहे. फार्मसीच्या पदवीधराला दीड वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव पुरतो. रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. केलेल्याला औषधनिर्मितीतला तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो झाला की कंपनी त्याचं नाव अन्न व औषध प्रशासनाकडे मान्यतेसाठी पाठवते, आणि ‘अप्रूव्हल’ मिळालेल्या केमिस्टची किंमत बाजारात लगेच वाढते. म्हणजे बी.फार्म.ला चार वर्षं अधिक दीड, बी.एस्सी.ला तीन अधिक तीन. जवळजवळ सारखंच झालं! फरक असा की बी.एस्सी.वाला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कमवायला लागलेला असतो, तर बी.फार्म.वाल्याला औषधाचं दुकान, औषध निरीक्षकाच्या पदाची परीक्षा आणि इस्पितळातलं काम हे जादा रस्ते मोकळे राहतात. फी परवडत नसेल तर केमिस्ट्री घेण्यात कमीपणा काही नाही.

पण केमिस्ट्री कोणत्या कॉलेजातून, याला फार महत्त्व. गुणवत्ता नियंत्रण विभागाच्या मुलाखतीत नव्या पोराला पुस्तकातली व्याख्या कमी विचारतात. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळलंय का, मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारा द्रव, गाळून का घेतात, डिगॅस का करतात, म्हणजे त्यातली हवा का काढतात, असले प्रश्न येतात. बारीक कण राहिले तर कॉलम चोंदतो आणि दाब चढतो. हवेचे बुडबुडे पंपात गेले तर प्रवाह हलतो आणि बेसलाइन थरथरते. हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तो दोन वाक्यांत सांगतो. नुसत्या नोट्स वाचलेला अडखळतो. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा बघायला मागा. यंत्र आहे का, एवढंच विचारू नका. चालू आहे का, विद्यार्थी स्वतः नमुना सोडतात की सर लांबून दाखवतात, शेवटचा प्रिंटआउट कोणत्या तारखेचा आहे, हे विचारा. यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढवलेलं दिसलं तर काय ते समजून घ्या.

परवान्याच्या पदव्या आणि बाकीच्या

पदव्यांचे मला दोनच गट महत्त्वाचे वाटतात. एका गटात कायद्याने दार राखलेलं आहे: वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर. मान्य पदवी किंवा पदविका नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर त्या नावाने काम नाही. इथे सरासरी विद्यार्थ्यालाही पदवी उभं करते. मात्र कॉलेजला त्या-त्या परिषदेची मान्यता त्याच वर्षासाठी, तितक्याच जागांसाठी आहे ना, हे परिषदेच्या संकेतस्थळावर बघा, कॉलेजच्या नव्हे. मान्यता ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगितलं तर पैसे भरू नका. चार वर्षांनी नोंदणी अडली तर दाद मागण्यात आणखी वर्षं जातात.

दुसऱ्या गटात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.बी.ए., बी.सी.ए. आणि इंजिनिअरिंगचाही बराचसा भाग येतो. इथे पदवी आत सोडते, पण पुढे नेतं ते तिच्यासोबत जोडलेलं काहीतरी: सी.ए., नेट, गेट, एखादं यंत्र, एखादी भाषा, केलेलं काम. सरासरी गुणांनी नुसती पदवी काढली तर इथे काहीच हाती लागत नाही. म्हणून अशा कोर्सला प्रवेश घेतानाच ‘सोबत काय’ हे कागदावर लिहून ठेवावं.

बी.कॉम. करणाऱ्यांसाठी सी.ए.चं गणित अलीकडे बदललंय. आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांची होती, ती नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागल्या. बारावीनंतर फाउंडेशन देऊन जाता येतं, किंवा बी.कॉम.ला ५५ टक्के मिळवून थेट इंटरमीडिएटला. गोव्यातली मुलं अडतात ती आर्टिकलशिपमध्ये: पूर्णवेळ आर्टिकलशिप, दुपारची लेक्चरं आणि ७५ टक्के हजेरी हे एकत्र जमत नाही. कॉलेज निवडताना वर्ग सकाळी लवकर संपतात का, हे विचारणं तिथल्या नॅक ग्रेडपेक्षा (कॉलेजच्या दर्जाच्या मूल्यांकनापेक्षा) जास्त कामाचं.

इंजिनिअरिंगबद्दल एकच सांगतो, कारण बाकी सगळे सांगतातच. दहावीनंतर पणजी, मये किंवा काकोड्याच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला जायचा रस्ता आपल्याकडे उगाच दुय्यम मानला जातो. खर्च कमी, हात चालतो, आणि मध्येच थांबावं लागलं तरी डिप्लोमा हातात असतो. कनिष्ठ अभियंत्यासारख्या पदांना तो चालतोही. अडचण पहिल्या सहामाहीत येते: बी.ई.चं गणित अंगावर येतं, कारण पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस झालेलं नसतं. मधल्या सुट्टीत तेवढं उरकून घेतलं की गाडी सुरळीत लागते.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ कशी तपासायची

फलकावरचा आकडा सहसा खोटा नसतो, त्याचा छेद वेगळा असतो. ‘पात्र आणि नोंदणी केलेल्या’ विद्यार्थ्यांपैकी १०० टक्के. पात्र म्हणजे एकही विषय राहिलेला नाही आणि सगळ्या सत्रांत ६० टक्क्यांच्या वर. वर्गात ६० मुलं, त्यांतली २५ पात्र, २० जणांनी नोंदणी केली, २० ऑफर आल्या. त्यातही एकाच मुलीला तीन ऑफर असतील तर त्या तीन मोजतात. झाले १०० टक्के!

खरा आकडा मिळवायची सोपी वाट आहे. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. ‘एनआयआरएफ’ नावाचा दुवा बहुतेक पानाच्या तळाशी लपलेला असतो. त्यातली पीडीएफ उघडा आणि ‘प्लेसमेंट अँड हायर स्टडीज’चा तक्ता शोधा. तीन वर्षांच्या पदव्यांचा वेगळा, चार वर्षांच्यांचा वेगळा. एका ओळीत मंजूर जागा, प्रवेश घेतलेले, ठरल्या मुदतीत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, त्यांच्या पगाराचा मध्यक आणि उच्च शिक्षणाला गेलेले, असे आकडे असतात.

समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. प्रवेश ५६, मुदतीत उत्तीर्ण ४१, नोकरीला २२, मध्यक पगार ३,२०,०००, पुढे शिकायला ९. पहिली गोष्ट, १५ मुलं वेळेत बाहेरच पडली नाहीत. दुसरी, ४१ मधून २२ आणि ९ वजा केले की १० उरतात. ती घरी आहेत, परीक्षांची तयारी करताहेत किंवा कॉलेजला ठाऊक नाही. तिसरी, नोकरीचं प्रमाण काढताना २२ ला ४१ ने नव्हे, ५६ ने भागा: ३९ टक्के. प्रवेश घेताना तुम्ही त्या ५६ मधलेच एक असता. आणि मध्यक म्हणजे निम्म्यांना याहून कमी. वृत्तपत्रात छापून येणारं ‘सर्वोच्च पॅकेज’ एका मुलाचं असतं, आणि तो मुलगा कदाचित कुठूनही तिथवर पोचला असता.

हा तक्ता संस्थेच्या सगळ्या शाखांचा मिळून असतो. तुमच्या शाखेचं कळायला लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडून माजी विद्यार्थ्यांच्या टॅबमध्ये तीन-चार वर्षांपूर्वीचं साल टाका. कोण कुठे राहतं, कुठल्या कंपनीत आहे, काय काम करतं, सगळं तिथे उतरंडीने दिसतं. गोव्यातले किती आणि बाहेर किती, तेही दिसतं. मला विचाराल तर निर्णय घ्यायला हा अर्धा तास माहितीपत्रकाच्या सगळ्या गुळगुळीत पानांवर भारी पडतो.

पॅकेज, हातात येणारे पैसे आणि कर्ज

३,६०,००० चं पॅकेज म्हणजे महिन्याला ३०,००० असं घरी धरलं जातं. जरा सोडवून बघू. मूळ पगार त्याच्या निम्मा, म्हणजे १,८०,००० धरला, तर कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्क्यांनी २१,६०० आणि ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे ८,६५०. कामगिरीवर मिळणारा बदलता भाग १० टक्के असेल तर ३६,०००. हे तिन्ही पॅकेजमध्ये मोजलेले, पण महिन्याला हातात न येणारे. उरले २,९३,७५०, महिन्याला साधारण २४,४८०. त्यातून तुमच्या वाट्याचे भविष्यनिर्वाहाचे १,८०० गेले की २२,७०० च्या आत-बाहेर. घरी जेवून-खाऊन वेर्ण्याला कंपनीच्या बसने जाणाऱ्याला हे पुरतात. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्याला अंगावर येतात. गोव्यातल्या पगाराची बाहेरच्याशी तुलना करताना भाडं आणि डबा वजा करूनच करावी. २२,००० इथले आणि ३२,००० तिथले यांत कधीकधी काही फरकच उरत नाही.

आता यात कर्ज घाला. ६ लाख, १० टक्के, ७ वर्षं: हप्ता सुमारे ९,९६०. बँकेतला माणूस इतकंच सांगतो. पण चार वर्षं शिकताना आणि त्यानंतरच्या एका सवलतीच्या वर्षात व्याज थांबलेलं नसतं. दरवर्षी दीड लाख उचलले, तर सरळ व्याजानेही पहिल्या उचलीवर ७५,०००, मग ६०,०००, ४५,०००, ३०,०००, असे २,१०,००० साचतात. परतफेड सुरू होते तेव्हा कर्ज ८,१०,००० झालेलं असतं आणि हप्ता १३,४५०. वरच्या २२,७०० तून तो देऊन बघा. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर मूळ रक्कम ६ लाखांवरच राहते; पहिल्या वर्षी ते महिन्याला १,२५० पडतं, चौथ्या वर्षी ५,०००.

मात्र बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजना बघा. ती आपल्या इथल्या मुलांसाठीच आहे, आणि तरी कित्येक घरांत तिचं नाव अर्ज भरून झाल्यावर निघतं. परतफेडीची शिस्त तिथेही पाळावीच लागते.

मायनर विषय टाकाऊ समजू नका

२०२३-२४ पासून गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत नवी चार वर्षांची रचना आली. तीन वर्षांनी १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले गुणांक) घेऊन पदवीसह बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं की १६० क्रेडिट आणि ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं, आणि पुढची एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षात होते. संशोधनाकडे किंवा परदेशात जाणाऱ्याने चौथं वर्ष करावं. वेर्ण्याला कामाला लागायचं असेल तर तीन वर्षांनी बाहेर पडलेलं बरं; बी.एस्सी. पदाच्या जाहिरातीत चौथ्या वर्षाचे जास्त पैसे अजून तरी सहसा दिसत नाहीत.

मायनर, म्हणजे मुख्य विषयाला जोड म्हणून घ्यायच्या विषयाला मात्र तीन वर्षांत २४ क्रेडिट असतात, आणि मुलं तो मैत्रिणीने घेतला म्हणून किंवा पेपर सोपा म्हणून घेतात. केमिस्ट्रीसोबत मायक्रोबायोलॉजी घेतली तर औषध कारखान्यात स्टेरिलिटी (निर्जंतुकता) चाचणीच्या विभागातही अर्ज करता येतो. अर्थशास्त्रासोबत संख्याशास्त्र असलं तर तीच बी.ए. वेगळी दिसते. पण कॉलेज छोटं असेल तर मायनरचे पर्याय दोन-तीनच असतात. म्हणून ‘कॉलेज जवळ आहे’ एवढ्यावर भागू नये. मायनरची यादी मागून घ्या, आणि गेल्या वर्षी त्यातले कोणते प्रत्यक्षात चालले ते विचारा. विद्यार्थी कमी म्हणून बंद पडलेला विषय यादीत तसाच छापलेला असतो.

गोव्यापुरती एक जोड फारच थोड्यांना सुचते: कायदा आणि पोर्तुगीज भाषा. आपल्याकडे वारसा आणि विवाहातल्या मालमत्तेचे नियम १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आले. वारसाच्या इन्व्हेंटरीचं, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचं, काम आता २०१२ च्या कायद्याने चालतं, पण जमिनीचे जुने दस्त, नोंदवह्या, नोटरीचे करार पोर्तुगीजमध्येच आहेत. ते स्वतः वाचू शकणारे वकील म्हातारे होत चाललेत आणि जमिनीचे व्यवहार तर वाढताहेत. विद्यापीठात पोर्तुगीज शिकायची सोय आहे. पाच वर्षं कायदा करताना ही भाषा शिकलेला मुलगा पहिल्या दिवसापासून इतर ज्युनिअरांपेक्षा वेगळा ठरतो.

आणि मराठी घेऊन बी.ए.? प्रेमाने करावं, पण डोळे उघडे ठेवून. मराठी शाळांची पटसंख्या घटतेय, त्यामुळे फक्त शिक्षकाच्या जागेवर भिस्त ठेवू नये. मराठीसोबत कोकणी आणि इंग्रजी दोन्ही लिहिता येत असतील तर अनुवाद, वृत्तसंस्था, जाहिरात, सरकारी भाषाविभाग इथे जागा असतात; थोड्या, पण असतात. नेट होईपर्यंत थांबायची घरची तयारी नसेल तर एम.ए.च्या आधी बी.एड. उरकावं.

जिथे हमखास पाय अडकतो

अकरावीला गणित सोडणं. बी.सी.ए.ला गणिताशिवाय प्रवेश मिळतो, पण पुढे एम.सी.ए.ला बारावीचं किंवा पदवीचं गणित विचारतात, नाहीतर ब्रिज कोर्स करावा लागतो. “डेटा सायन्स करायचंय पण गणित नको” हे वाक्य जितक्या लवकर मागे घ्याल तितकं बरं.

तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, होण्याचा गोव्यातला जुना ओढा अजून आहेच. मर्चंट नेव्हीच्या डेक कॅडेटसाठी बारावीला भौतिक, रसायन, गणितात ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात, मग सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. पण सर्वांत आधी नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर तो रस्ता तिथेच संपतो, आणि हे फी भरल्यावर कळलेली मुलं आहेत. दुसरी गोम स्पॉन्सरशिपची: वर्गातलं शिक्षण कुणीही देईल, जहाजावरच्या प्रशिक्षणाची जागा जहाज कंपनीच देते. कंपनीच्या स्पॉन्सरशिपशिवाय प्रवेश घेऊ नये, मग एजंट काहीही म्हणो.

मोपा सुरू झाल्यापासून ‘एव्हिएशन डिप्लोमा’चे बोर्ड म्हापशापासून मडगावपर्यंत लागलेत. केबिन क्रू किंवा ग्राउंड स्टाफच्या जाहिराती वाचल्यात तर बारावी किंवा साधी पदवी, भाषा आणि व्यक्तिमत्त्व एवढंच सापडतं. तो डिप्लोमा ‘आवश्यक’मध्ये दिसत नाही. विमानाच्या देखभालीचं काम वेगळं. त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि संस्थाही त्यांच्याच यादीतली लागते.

बाहेरच्या खासगी विद्यापीठाचं ‘स्टडी सेंटर’ गोव्यात असेल तर सावध. ऑनलाइन पदवीला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) त्या कोर्सपुरती मान्यता पाहिजे, आणि इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा हे ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने होतच नाहीत.

नीटसाठी, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी, वर्ष घालवायचं का? गोव्याच्या राज्य यादीत गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीत तुमच्या प्रवर्गातला शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते काढा. आपले गुण त्यांच्या जवळपास असतील तर एक वर्ष जरूर द्या. निम्म्यावर असतील तर देऊ नका, बी.एस्सी. नर्सिंग किंवा फार्मसीचा अर्ज त्याच आठवड्यात भरा.

कागद

वास्तव्याचा दाखला मामलेदाराकडून, नॉन-क्रीमीलेअरचा उपजिल्हाधिकाऱ्याकडून. दोन्ही मे महिन्यातच काढून ठेवा. निकालानंतर रांग लागते. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला जुना चालत नाही, माहितीपत्रकात कोणत्या तारखेनंतरचा हवा ते पाहा. नावातला फरक हा आपला खास गोमंतकीय घोळ आहे. आजोबांच्या जुन्या पोर्तुगीज कागदावर आडनाव एका तऱ्हेने, बाबांच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि मुलाच्या आधारवर तिसऱ्याच तऱ्हेने. ‘दोन्ही व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, छाननीच्या दिवशी नोटरी शोधत फिरायला नको. क्रेडिट जमा होण्यासाठी एबीसी, म्हणजे क्रेडिट बँकेचा, ओळखक्रमांक डिजिलॉकरमधून काढावा लागतो, आणि तिथलं नाव व जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळली पाहिजे.

पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं माहितीपत्रक दरवर्षी नव्याने वाचा. कोणत्या कोर्सला कोणत्या परीक्षेचे गुण धरायचे हे त्यात असतं, आणि मोठ्या भावाच्या वेळचं यंदा लागू असेलच असं नाही.

एका जागी प्रवेश घेऊन दुसरीकडे चांगली जागा मिळाली तर पैसे बुडतात म्हणून काही जण तिथेच राहतात. यूजीसीच्या २०१८ च्या धोरणानुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी कळवलं तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी परत, त्यानंतर पण शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, आणि मग शून्य. फोनवर सांगून भागत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला तपासून लगेच परत द्यावे लागतात, ठेवून घेता येत नाहीत. “ओरिजिनल आमच्याकडेच राहील” असं काउंटरवर कुणी म्हणालं तर तेच वाक्य लेखी मागा.